आधी केरबा चालू करा

“माझ्या घरात वाईन चालणार नाही म्हणजे नाही!”

तात्याचा आवाज आला तेव्हा मी त्याच्या दारात चपला काढत होतो. एक काढली होती, एक पायातच होती. चालणार नाही असं माणूस कधी ओरडतो? आलेली असते तेव्हा. मी दुसरी चप्पल घाईनं भिरकावली आणि आत शिरलो. म्हटलं, ओतून टाकायचीच असेल तर निदान जाणत्या माणसाच्या सल्ल्यानं ओतावी.

आत बाटली नव्हती. सोप्याच्या मधोमध तात्या कमरेवर हात ठेवून उभा. समोर त्याची सून तेजस्विनी सतरंजीवर मांडी घालून बसलेली, आणि तिच्या हातात डब्याच्या झाकणाएवढं एक काळं यंत्र. दोन्ही कडांना बटणं, मध्ये काच. त्याची वायर टीव्हीत खुपसली होती आणि टीव्हीवर एक लाल बस उभी होती. तात्याचा मुलगा विश्वजित, ट्रॅक्टरचं दुकान चालवणारा, दाराच्या चौकटीला टेकून शेंगा खात मजा बघत होता.

“केरबाकाका, बरं झालं आलात,” तेजस्विनी म्हणाली. “तात्यांना तुम्हीच सांगा.”

“काय सांगतोय तो! कुठली वाईन, विचार तिला. म्हणती, ह्या यंत्रावर गाडी चालवायची तर आधी वाईन लागती. दारू पिऊन स्टेअरिंग धरू व्हय मी? ह्या वयात?”

इथं तुम्हाला तात्या सांगायला हवा. हिंदुराव चौगले, मलकापूर डेपोचा ड्रायव्हर. मी त्याच्या गाडीचा कंडक्टर. उभी नोकरी आम्ही आंबा घाटातून रत्नागिरीला गाडी नेण्यात आणि आणण्यात काढली. डेपोत आम्हाला नवराबायकोच म्हणायचे, फक्त बायको कोण यावर वाद होता. तात्याच्या गाडीला कधी ओरखडा नाही आणि तात्याच्या ओठाला कधी थेंब नाही. खोकल्याच्या औषधात दारू असते असं कुणीसं सांगितलं, तर गडी अख्खा हिवाळा खोकत राहिला, पण चमचाभर घेतलं नाही. मी तसा नव्हे. मी त्याच आंबा घाटात वाघाला हाफ तिकीट फाडलेला माणूस आहे. लहान होता वाघ.

तर प्रश्न वाईनचा नव्हता. प्रश्न होता जीपच्या किल्लीचा.

रिटायर झाल्यावर तात्यानं एक जुनी जीप घेतली. तिला तो धुवायचा, पुसायचा, बायकोला, म्हणजे आमच्या आक्कांना, बसवून जोतिबाला न्यायचा. एक दिवस ती दूध डेअरीच्या कमानीला घासली. दिवा गेला, मडगार्ड चेपलं, कमानीवरच्या ‘सहकारी’ मधला ‘स’ पडला. तात्याचं म्हणणं एकच: “कमान सरकली.” विश्वजितनं ऐकलं नाही. किल्ली काढून घेतली. तेव्हापासून तात्या रोज सकाळी जीपची काच पुसायचा, सीटवर बसायचा, बंद गाडीचे गिअर वरखाली करायचा आणि उतरून यायचा. जेवण अर्ध्यावर आलं होतं. माणूस दारातल्या जीपसारखाच झाला होता, उभ्या जागी गंजणारा.

म्हणून सुनेनं तोड काढली होती. तेजस्विनी घरात बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची आणि काम संपलं की ह्या यंत्रावर गाड्या हाकायची. तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं: तात्यांनी ह्या गेममध्ये आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत गाडी नेली, ओरखडा न पाडता, तर किल्ली परत.

“इथंपण कमान सरकंल,” विश्वजित म्हणाला होता. पण कबूल झाला होता.

“पोरी, मला नीट सांग,” मी खाली बसलो. “ही वाईन काय भानगड आहे?”

“काका, बहुतेक गेम विंडोजसाठी बनवलेले असतात. आणि हे यंत्र आहे लिनक्सचं. यात विंडोज नाही.”

“खिडक्या नाहीत?” तात्या म्हणाला. “मग काय मालगाडी आहे?”

“अहो तात्या, ऐका तरी. पूर्वी लिनक्सवर गेम चालायचेच नाहीत, म्हणजे अगदी मोजके. लोक हसायचे आम्हाला. मग लोकांनी हा वाईन नावाचा प्रोग्रॅम बनवला. गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, लिनक्सला ती कळत नाही. मध्ये वाईन बसते. इकडचं ऐकते, तिकडं सांगते. दोघांनाही वाटतं समोरचा आपल्याच गावचा.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“तात्या, आठवतं? आपल्या गाडीला बेळगावचं वऱ्हाड होतं. त्यांना मराठी येईना, तुला कानडी येईना. म्हातारीला उलटी होतेय हे तुला कुणी सांगितलं?”

“तू.”

“आणि तू काय म्हणालास ते म्हातारीला कुणी सांगितलं?”

“तूच. काय सांगितलंस देव जाणे. तिनं खिडकीतनं तोंड काढून मला हात जोडले.”

“मी सांगितलं, ड्रायव्हर लिंगायत आहे. ते जाऊ दे. मुद्दा काय? तू गाडी चालवतोस, पॅसेंजर मागं बसतंय, आणि मधलं सगळं कोण बघतो?”

तात्यानं यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. “म्हणजे वाईन म्हणजे कंडक्टर.”

“तसंच!” तेजस्विनी म्हणाली.

“मग तसं म्हणायचं की सरळ. दारूचं नाव कशाला घेताय!” तात्या खुर्चीत बसला. “आमच्या घरात त्याला वाईन म्हणायचं नाही. केरबा म्हणायचं.”

त्या दिवसापासून चौगल्यांच्या घरात तेच नाव पडलं. पुढं कितीतरी वेळा मी दारात असताना आतून ऐकलंय: “गेम उघडंना झालाय.” “आधी केरबा चालू करा.” “केरबा जुना झालाय, नवा टाका.” मला राग यायचा नाही. थोडा यायचा.

आता खेळायचं. तेजस्विनीनं चहाच्या टेबलाला एक स्टेअरिंग आवळलं. पाय ठेवायला पॅडलं मांडली. स्टेअरिंग यंत्राला ओळखू येईना. मग तिनं एका काळ्या पडद्यावर काहीतरी खरडलं, तेव्हा ओळखलं, पण टीव्हीचा आवाज गेला. आवाज आणला तर चित्र आडवं झालं.

“विंडोजवर हे सगळं आपोआप होतं,” विश्वजित शेंगेचं टरफल फुंकत म्हणाला.

“तुमच्या दुकानातला ट्रॅक्टर पण आपोआप सुरू होत नाही,” ती मान वर न करता म्हणाली. “चार जणांनी ढकलावा लागतो. तो विकताच ना?”

तात्या तेवढ्यात आत जाऊन आला. खाकी शर्ट घालून आला. आक्का आतून ओरडल्या, “अहो, त्याची बटणं बसत न्हाईत आता!” एक सोडून बाकीची बसली नाहीतच. पण खाकी ती खाकी.

सगळं जुळलं. यंत्राचा बारका पंखा घाट चढणाऱ्या गाडीसारखा घोंघावू लागला. “तात्या, हा साधा रस्ता. यावर जगभरची माणसं गाड्या चालवतायत. आधी इथं हात बसवा, मग घाट,” तेजस्विनी म्हणाली. “दाबा ॲक्सिलेटर.”

तात्या हलला नाही.

“दाबा की.”

“बेल कुठाय?”

“कसली बेल?”

“डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलायची नाही.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला समजावलं. एसटीत कंडक्टरनं दोरी ओढून दोनदा टण-टण केलं की गाडी निघते. एकदाच टण केलं की, काही का असेना, गाडी थांबते. ड्रायव्हरनं विचारायचं नसतं. कायदा बाहेरचा, बेल आतली.

“पण ह्या गेममध्ये बेल नाही,” ती म्हणाली.

“मग ती गाडी न्हवंच,” तात्या म्हणाला.

मी देवघराकडं वळलो. आक्कांनी घंटा पदराखाली घेतली. “देव झोपलेत,” म्हणाल्या. शेवटी स्टीलचा तांब्या आणि चमचा मिळाला. मी तात्याच्या मागं उभा राहिलो आणि दोनदा मारला.

टण-टण.

आणि गाडी निघाली. काय सांगू तुम्हाला! फुटलेला घाम दिसतो तसा मला त्याच्या पाठीवरून आनंद उतरताना दिसला.

रस्ता कुठल्या परमुलखातला होता. मोटारी सुसाट जात होत्या, एकमेकींना आदळत होत्या, उडून शेतात पडत होत्या. तात्या आपला डाव्या अंगानं चालला होता, एसटीच्या चालीनं. मागचे भोंगे वाजवत होते. प्रत्येक गावाला तो थांबायचा, मी बेल दिली की निघायचा. लाल दिव्याला थांबायचा, पिवळ्याला थांबायचा, आणि हिरव्याला आधी दोन्हीकडं बघायचा. ह्या खेळात पोरं थांबत नाहीत म्हणे कुठंच.

थोड्या वेळानं टीव्हीवर लाल अक्षरं आली आणि बस जागच्या जागी नाहीशी झाली.

“काय झालं?” तात्यानं ब्रेक दाबून धरला होता.

तेजस्विनीनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. “तात्या, फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम असतो ह्या ऑनलाइन गेममध्ये. कुणी लबाडी करतंय का बघतो.”

“चेकिंगवाला,” मी म्हटलं.

“हां. आधीच ह्या चेकिंगवाल्यांचा लिनक्सवर राग. कितीतरी गेम आम्हाला दारातूनच परत पाठवतात, तिकीट असलं तरी. ह्यानं आत घेतलं होतं, पण आता बाहेर काढलंय.”

“पण का? तिकीट न्हवतं?”

“त्याचं म्हणणं आहे की,” तिला हसू आवरेना, “ही गाडी माणूस चालवत नाहीये. यंत्र चालवतंय. इतक्या सरळ कुणी माणूस चालवत नाही.”

विश्वजित हसून हसून खाली बसला. “नापास! चला, किल्ली माझ्याकडंच.”

“नापास?” तात्या उठला. खाकीचं उरलेलं बटणही तुटलं. “सरकारनं मला बिल्ला दिला, विनाअपघात म्हणून. तो डेपोतल्या आणखी दोघांना मिळाला होता. हे असलं सर्टिफिकेट कुणाला मिळालंय का महाराष्ट्रात?”

“ह्याला नापास म्हणत नाहीत,” तेजस्विनी नवऱ्याला म्हणाली. “आणि हा घाट नव्हता. घाट ऑनलाइन नाही. चिपळूणच्या कुणा हौशी माणसानं बनवून फुकट दिलाय. तिथं चेकिंग नाही.”

“घाट म्हणजे कुठला?” मी विचारलं.

“आंबा घाट, काका. वळणन् वळण.”

खरोखर वळणन् वळण होतं. आंबा गावाबाहेरचा वडाचा पार, पलीकडची करवंदीची जाळी, जिथं गाडी गरम झाली की पाणी घालायचो तो झरा. मी म्हटलं, “वाघ कुठाय?” कुणी लक्ष दिलं नाही. टण-टण केलं.

तात्या उतरू लागला. आता मात्र विश्वजितच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. बापाला गाडी चालवताना त्यानं किती वर्षांनी असं बसून पाहिलं होतं कोण जाणे. गिअर न बघता पडत होता. वळणाच्या अलीकडं भोंगा, वळणात पाय स्थिर, वळण सुटलं की हलकी रेस. समोरून ट्रक आला, तात्यानं कडेच्या अंगाला गाडी दाबली आणि ट्रक गेला. आक्का देव सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तात्या, तुम्ही चालवताय का रस्ताच मागं ओढताय?” तेजस्विनी म्हणाली.

“ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी वाच.”

मधल्या उतारावर एक वळण आहे. डावीकडं उंच कडा, त्यामुळं भर दुपारीही तिथं सावली. गाडी त्या वळणात शिरली. रस्ता मोकळा दिसत होता. तात्यानं ब्रेकवरचा पाय काढला.

टण.

मी एकच टोला मारला होता. तांब्याचा आवाज विरायच्या आत ब्रेक लागला. बस थरथरून उभी राहिली.

सावलीतली सावली हलली. बसच्या तोंडासमोर, डाव्या अंगाला, डांबरावर बसलेली काळी म्हैस उठली. तिनं आमच्याकडं सावकाश पाहिलं आणि कड्याच्या बाजूनं निघून गेली. गेम बनवणारा माणूस घाटातलाच असणार. बाहेरच्याला म्हैस सुचली नसती.

“मानलं तात्या!” विश्वजितनं मांडीवर थाप मारली. “ही मला दिसलीसुद्धा नाही!”

तेजस्विनी टीव्हीकडं बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या चमच्याकडं बघत होती.

मी टण-टण केलं. पुढं साखरपा आला. गाडीवर ओरखडा नव्हता. विश्वजितनं खिशातनं किल्ली काढून बापाच्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कारही केला, जो त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच केला असावा. आक्कांनी शिरा टाकला.

तात्या आणि मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. समोर जीप. तात्या बोटात किल्ली फिरवत होता.

“केरबा, म्हैस कुठल्या बाजूला होती?”

“म्हैस कसली, रेडा होता तो. मी एकदा त्याच वळणावर—”

“बाजू विचारली मी.”

“उजव्या,” मी ठोकून दिलं.

“डाव्या,” तात्या म्हणाला. “उठल्यावर दिसली. आधी न्हाई. तू बेल दिलीस, मी ब्रेक दाबला. का दाबला ते मागनं कळलं.”

“मग? उभा जन्म आपण तसंच केलंय. तू कधी विचारलंस व्हय, बेल का दिली म्हणून?”

“न्हाई विचारलं.” किल्ली फिरायची थांबली. “पण डेअरीच्या कमानीला तू गाडीत न्हवतास.”

माझ्याकडं वाघाची गोष्ट तयार होती. तिच्यामागं आणखी दोन तयार होत्या. काढली नाही एकही. आतून शिऱ्याचा वास येत होता.

“लेका, म्हणून तर तांब्या मागितलास तू,” तात्या म्हणाला. “देवघरातली घंटा न्हाई मिळाली तरी तू काहीतरी वाजवणारच होतास.”

“बेल तू मागितलीस. मी नाही.”

“व्हय. मीच मागितली.” त्यानं आत बघून हाक मारली, “तेजू!”

ती हात पुसत बाहेर आली.

“तू त्या यंत्रावर कुठं कुठं गाडी नेलीस म्हणालीस?”

“अख्खा युरोप फिरलेय तात्या. पण दारातल्या जीपला हे हात लावू देत नाहीत. नंतर शिकवतो म्हणतात. तीन दिवाळ्या झाल्या.”

“रिव्हर्स जमतो?”

“गेममध्ये जमतो.”

“तिथं मागं कुणाची आई उभी नसती,” तात्या म्हणाला आणि किल्ली तिच्या ओंजळीत टाकली. “लायसन काढ.”

पुढच्या आठवड्यात तात्या कोल्हापूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण येताना जीपच्या मागच्या बाकाची गादी शिवायला टाकून आला.

तेजस्विनीचं शिकाऊ लायसन हातात येईपर्यंत गणपती बसून उठले. मग एका सकाळी माझ्या दारात भोंगा वाजला. बघतो तर जीप. चेपलेलं मडगार्ड सरळ केलेलं, पुढं तांबड्या रंगात L. स्टेअरिंगवर तेजस्विनी, पदर खोचून. शेजारी विश्वजित, दोन्ही हातांनी गाडी धरून. मागच्या नव्या गादीवर आक्का, आणि त्यांच्या पलीकडं, दाराजवळ, खाकी शर्टाला नवी बटणं लावून तात्या. टपाखालून एक दोरी पुढं गेली होती. तिच्या टोकाला भंगारातनं आणलेली एसटीची खरी पितळी घंटा.

“चला, पुढं सरका, पुढं सरका!” तात्या मला म्हणाला.

“अरे ती जागा माझी आहे!”

“तुझी बदली झाली. आता पॅसेंजर. हाफ का फुल?”

“वाघाला दिलं होतं तेवढं दे.”

मी आक्कांच्या समोर अंग चोरून बसलो. विश्वजित म्हणाला, “दाब आता ॲक्सिलेटर.” तेजस्विनी हलली नाही. आरशातून मागं बघत राहिली.

टण-टण.

जीप निघाली. वळताना दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा नीट चालली. बाजार ओलांडला, शाळा ओलांडली आणि समोर दूध डेअरी आली. विश्वजित दुधाच्या टँकरकडं बघत होता, तेजस्विनी गिअरकडं. माझ्या हाताला जुनी सवय. मी हात वर केला, पण माझ्या बाजूला दोरी नव्हती.

टण.

जीप जागच्या जागी उभी राहिली. कमान मडगार्डापासून चार बोटांवर होती, डाव्या अंगाला. मी वळून बघितलं. तात्या आपल्याच बाजूच्या रस्त्याकडं बघत होता. कमानीकडं त्याची मानसुद्धा वळलेली नव्हती. आणि आक्कांनी त्याच्या गुडघ्यावर दाबलेला आपला हात हळूच काढून पदरात घेतला.

“काय झालं, तात्या?” तेजस्विनीनं विचारलं.

“काही न्हाई. कमान हाय,” तात्या दोरी सोडत म्हणाला. “सरकती अधनंमधनं. लक्ष ठेवावं लागतं.”

आणि दोनदा ओढली.